सावलीतलं वाळवण

बद्रीनाथ तुपे यांच्या गच्चीवर गांजाचं झाड होतं, आणि ते त्यांनी लावलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लावणारा माणूस निराळा असतो. त्याला छाती लागते. बद्रीनाथनी उभी हयात पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली होती. रात्री रिकाम्या चौकातसुद्धा ते गाडी थांबवून दोन्हीकडे बघायचे. असा माणूस गांजा लावत नाही. त्याच्याकडे तो उगवतो.

उगवला तो कढीपत्त्याच्या कुंडीत. खात्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर साहेबराव बसायचा. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले आणि तेव्हापासून दर रविवारी साहेबराव वेरूळहून एसटीनं यायचा. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला सतरंजी टाकायची, साहेबरावनं खिशातली पुडी काढायची, काड्या-बिया निवडायच्या आणि चिलीम भरायची. दोघांत मिळून चार झुरके, त्यापुढं गप्पा, त्यापुढं जेवण, आणि संध्याकाळच्या गाडीनं साहेबराव परत. निवडलेल्या बिया तो न बघताच मागं भिरकावून द्यायचा. इतक्या वर्षांत त्यातली एक रुजली नाही. उन्हाळ्यात साहेबराव झोपेतच गेला, आणि आषाढात कढीपत्त्याच्या बुडाशी, पंज्यासारखी पानं पसरून ते रोप वर आलं.

बद्रीनाथनी उपटायला हात घातला होता. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी त्याला पाणी घातलं.

घरात विचारणारं कुणी नव्हतं. बायको, कौशल्या, लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडंच राहिली. लेक तनुजा नोकरीला, जावई नोकरीला, म्हणजे तान्ह्या पोराला आजी हवी. गणित सरळ होतं आणि त्यात आजोबांचा आकडा कुठंच बसत नव्हता. पुण्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा. तेव्हा "तुम्ही तिकडं घर सांभाळा," असं ठरलं. घर सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते बद्रीनाथना कधी कळलं नाही. संभाजीनगरच्या सातारा परिसरातली तीन मजली इमारत, सगळ्यात वर त्यांचं बिऱ्हाड. ते काही उठून कुठं जाणार नव्हतं. गच्चीचं दार त्यांच्या दाराला लागूनच होतं. तिथंही कुणी फिरकायचं नाही. कपडे लोकांच्या बाल्कनीत वाळतात आणि पापड-कुरडया हल्ली दुकानातून येतात.

श्रावणात झाड कमरेला लागलं, नवरात्रात खांद्याला. बद्रीनाथनी कुंडी टाकीच्या मागं ओढली आणि पुढं कारल्याचा वेल चढवला. एक झाड असलं तरी गुन्हाच, हे त्यांना माहीत होतं. खाली गाडीचा हॉर्न जरा वेगळा वाजला की ते कठड्यावरून वाकून बघायचे. दिवाळीनंतर झाडाला चिकट तुरे लगडले आणि वास असा सुटला, की कारल्याच्या वेलाला अब्रू झाकणं जमेना. तेव्हा झाड तोडायचं, पोत्यात भरायचं आणि डोंगराच्या पायथ्याला टाकून यायचं, इथपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

पण मोबाइल वाईट. त्यावर त्यांना कुठल्यातरी थंड मुलखातला एक तरुण सापडला. हातमोजे घालून तो असले तुरे कसे वाळवायचे ते दाखवत होता. त्याचं इंग्रजी बद्रीनाथना निम्मंच कळायचं, हात मात्र पुरते कळायचे. उन्हात टाकायचं नाही. सावलीला, उलटं टांगून, सावकाश. वाळलं वाटलं की काचेच्या बरणीत भरायचं. आत राहिलेली ओल मग हळूहळू बाहेर येते, म्हणून रोज झाकण उघडून थोडा वेळ वारा द्यायचा आणि परत लावायचं. असं कित्येक दिवस. उघडलं नाही तर बुरशी, उघडं राहिलं तर पाचोळा. निगुतीनं केलं तर हिरवट गवताचा वास जातो आणि खरा वास येतो. घाई करणाऱ्याला तो कधीच भेटत नाही.

हे बघताना बद्रीनाथना साहेबरावची पुडी आठवली. भाकरीसारखा दाबलेला, उन्हानं करपलेला तो माल. पहिल्या झुरक्याला दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं. साहेबराव ठसका लागल्या आवाजात म्हणायचा, "बद्री, मरायच्या आधी एकदा चांगला माल वढायचाय राव." तो काही त्याला मिळाला नाही. आता त्याच्याच हातच्या बीचा माल समोर उभा होता. बद्रीनाथनी ठरवलं की हा एवढा नीट करायचा. आयुष्यात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट करायची. पण कुणासाठी? चिलीम एकट्यानं ओढत नाहीत. ती हातातून हातात जायला लागते, आणि त्यांच्या हातापुढं आता हात नव्हता.

मागच्या खोलीत कौशल्याचे पापडाचे डबे असायचे. डबे रिकामेच होते. तिथं त्यांनी दोऱ्या बांधल्या, खिडकीला जुनी चादर लावली आणि फांद्या उलट्या टांगल्या. घरभर वास. दाराच्या फटीला त्यांनी ओला टॉवेल लावला आणि सकाळ-संध्याकाळ धूप घालायला लागले. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, एकटा माणूस, देवाधर्माला लागला.

काडी वाकायची थांबून मोडायला लागली, तेव्हा ते औरंगपुऱ्यात जाऊन तीन बरण्या घेऊन आले, काचेच्या, घट्ट झाकणाच्या. दुकानदार कागद गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "लोणच्याला का काका?"

"हो, लोणच्याला."

"आता थंडीत कसलं लोणचं?"

"आवळ्याचं," बद्रीनाथ म्हणाले आणि बाहेर येऊन उगाच दोन गल्ल्या फिरले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला एवढंही पुरतं.

मग सुरू झालं झाकणांचं. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, दाढी करायची आणि मागच्या खोलीत जायचं. हो, दाढी करून. "चला, झाकणं," असं ते मोठ्यानं म्हणायचे. पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. रात्री आठला कौशल्याचा फोन यायचा, "जेवलात का, गोळी घेतली का," तोवर त्या घरात उच्चारलेलं हे एकच वाक्य असायचं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणारे बहुतेक भरल्या घरात राहत असावेत.

झाकण उघडलं की ते आधी नाक लावायचे. सुरुवातीला पावसात भिजलेल्या कडब्याचा वास. मग कडबा कमी झाला आणि तळाशी काहीतरी दुसरंच जाणवायला लागलं, लिंबाच्या सालीसारखं. एक दिवस वाटलं, आला तो वास. दुसऱ्या दिवशी परत कडबा. ते कुणाला सांगता येत नव्हतं, याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. रविवारी तर फारच. तरीसुद्धा त्या दिवसांत ते बरे होते. त्यांच्यावाचून अडणारं एक काम जगात शिल्लक होतं.

आणि तेवढ्यात तनुजाचा फोन आला. "पप्पा, रेयांशचा पहिला वाढदिवस आहे. आठ दिवस आधीच या. काही कारणं सांगू नका."

रेयांश म्हणजे काय, ते बद्रीनाथनी बारशाच्या दिवशी तीनदा विचारलं होतं. नाव काही असो, नातू आपला. आणि पलीकडून कौशल्याचा आवाज आला, "आणि येताना मी तुमच्यासंगट येते परत. आता झालं वर्ष." ते ऐकून बद्रीनाथना इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर ते उठून चहा करायला गेले आणि पातेल्यात नुसतं पाणीच उकळत ठेवून उभे राहिले. बायको आली की बरण्यांचं सांगावं लागेल, हे मागाहून सुचलं. सांगू. आणि बरण्या आठ दिवस कोण उघडणार, हे त्याच्याही मागाहून.

सोबत न्याव्यात तर एसटीत वास. नाही गेलं तर काय सांगायचं? तेव्हा किल्ली कुणाला तरी देऊन जायचं. ते खुर्चीत बसून एकेक माणूस आठवायला लागले. ऑफिसातले दोघं मुलांकडं अमेरिकेला. भाऊ गावाकडं, त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद. तळमजल्यावर कारभारी नावाचा इसम होता, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला किल्ली देणं म्हणजे पोलिसांना पत्ता देणं. दूधवाला पिशवी दारावर अडकवून जातो, त्याचा चेहराही नीट आठवेना. साहेबराव असता तर प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं या शहरात काढली, आणि घराची किल्ली द्यायला एक माणूस नाही. हे कळून त्यांना आपली लाज वाटली, जसं काही चोरी सापडली.

मग त्यांना कडूबाई आठवल्या.

कडूबाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या कृष्णाची आई. नवरा गेल्यावर कृष्णानं तिला फर्दापूरकडच्या गावातून इकडं आणलेलं. कृष्णा वाळूजला कंपनीत, सून शाळेत. म्हातारी दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसायची, कारण आत बसलं की भिंती अंगावर येतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत मेथीची जुडी दिसली की हात पुढं करायची, "आन, निवडून देते." लोक संकोचून हसायचे आणि वर निघून जायचे. बद्रीनाथही त्यातलेच.

"मावशी, एक काम होतं," ते पायरीवर थांबून म्हणाले.

काय काम ते सांगायच्या आत कडूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चल."

मागच्या खोलीत बद्रीनाथनी रात्रभर तयार केलेलं खोटं एका दमात सांगितलं. गुडघ्याचं औषध आहे, वैद्यानं दिलेला पाला आहे, वास उग्र असतो, कुणाला बोलायचं नाही कारण मग गुण येत नाही. कडूबाई बरण्यांकडं बघत होत्या.

"रोज सकाळी तिन्ही झाकणं काढायची. चहा उकळेपर्यंत उघडी ठेवायची. परत लावायची. बाकी हात लावायचा नाही."

"येवढंच?" कडूबाई जरा हिरमुसल्या.

"झाडांना पाणी घाला वाटलं तर."

"घालते की. जा तू निवांत." त्यांनी किल्ली पदराला गाठ मारून बांधली.

एसटीत बद्रीनाथ वाक्य जुळवत बसले होते. 'कौशल्या, घरात एक गोष्ट आहे, आधी ऐकून घे, मग चिड.' ती चिडेल, मग साहेबरावचं नाव निघालं की गप्प होईल, मग म्हणेल, बघू दे तरी. नगर येईस्तोवर त्यांनी तिची सगळी उत्तरंसुद्धा जुळवून टाकली. कितीतरी दिवसांनी ते मनातल्या मनात हसले.

पुण्यात वाढदिवस झाला. हॉलमध्ये फुगे, फुग्यांची कमान, कमानीखाली नातू. "हे आजोबा, संभाजीनगरचे," अशी तनुजानं ओळख करून दिली आणि नातवानं त्यांना बघून भोकाड पसरलं. कौशल्या त्या घरात पाण्यासारखी फिरत होती. कुठला डबा कुठं, कुठली लस कधी, सगळं तिच्या बोटांवर. बद्रीनाथ सोफ्यावर बसायचे आणि कुणी झाडू मारायला आलं की पाय वर घ्यायचे. रात्री त्याच सोफ्यावर त्यांचं अंथरूण पडायचं. बरण्यांचं काय झालं असेल, या विचारानं त्यांना जाग यायची. फोन करावा तर कडूबाईंना फोन नाही, आणि कृष्णाला काय विचारणार?

निघायच्या आदल्या दुपारी कौशल्या नातवाचे कपडे घडी करत होती. तिनं मान वर केली नाही. "अहो, मी म्हणते, मी अजून थोडी थांबते. पाळणाघरवाली काय नीट वाटंना."

"थोडी म्हणजे?"

"बघू. पोरगं शाळेत जाईस्तोवर."

नातू भिंतीला धरून पहिलं पाऊल टाकायच्या प्रयत्नात होता. त्याच्याकडं बघताना बद्रीनाथना त्या एवढ्याशा जिवाचा राग आला. राग आल्याचं वाईट वाटलं, आणि तरी तो गेला नाही.

"बरं," ते म्हणाले.

"चिडलात का?"

"नाही. त्यात काय चिडायचं?"

"जेवणाचं बघा नीट. बारीक झालात." एवढं म्हणून ती उठली, कारण आत कुकरची शिट्टी झाली होती. जुळवून आणलेलं वाक्य बद्रीनाथांच्या तोंडातच राहिलं. ते आता कुणाला सांगायचं कारण उरलं नव्हतं.

परतीच्या गाडीत शेजारची सीट रिकामी होती. कौशल्या सोबत येणार म्हणून त्यांनी आठ दिवसांपूर्वीच दोन जागा धरलेल्या. बाहेर ऊस, मग ज्वारी, मग नुसतं माळरान. ते स्वतःला समजावत होते, की निदान बरण्या आहेत. एव्हाना कडबा पुरता गेला असेल. आणखी थोडे दिवस, आणि साहेबरावला जन्मभर मिळाला नाही तसा माल आपल्या घरात असेल. माणसाला धरायला काहीतरी लागतंच, आणि त्या दिवशी त्यांच्याकडं तेवढंच होतं.

दुपारी ते जिना चढले. पायरीवर कडूबाई नव्हत्या. दुसरा मजला ओलांडला आणि वास आला, धूप नाही, ओला टॉवेल नाही, उघडा, बिनधास्त वास. गच्चीचं दार सताड उघडं होतं.

गच्चीच्या मधोमध, टळटळीत उन्हात, जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर त्यांचे तुरे, मोडून, सुटे करून, तांदळासारखे पसरलेले. कडेला छत्री धरून कडूबाई बसल्या होत्या आणि हातातल्या काठीनं पारव्यांना हाकलत होत्या. भिंतीशी दोन बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"आलास? जेवलास का?" कडूबाई म्हणाल्या.

"मावशी, हे काय केलंत?"

"आरं, दमट हुतं समदं. झाकन काढलं, हात घातला, तर गार लागतंय. म्हनलं याला आता बुरा येनार, मानूस येवढं इश्वासानं ठिवून गेलं. तुला इचारावं तर मला फोन लावता येत नाय. मंग आनलं हितं. चांगली तीन-चार उन्हं खाल्ली त्यानं. बघ आता." त्यांनी चिमूट उचलली आणि बोटांत चुरली. कुरकुर वाजलं आणि भुकटी वाऱ्यावर गेली. "आता वरीसभर काय व्हत नाय याला."

बद्रीनाथनी वाकून मूठभर उचललं. हिरवा रंग गेला होता, वाळल्या गवताचा आला होता. नाकाला लावलं. कडबा. इतक्या दिवसांची झाकणं, इतक्या सकाळी, आणि शेवटी कडबाच. त्यांना ओरडावंसं वाटलं. ते टाकीच्या कट्ट्यावर खाली बसले.

"कुणी बघितलं का हे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"त्यो कारभारी आला व्हता वर, वास कसला म्हनून. म्हनलं, माझ्या गुडघ्याचा पालाय, बस, गुडघ्याचं सांगते तुला. पळाला. म्हातारीनं गुडघ्याचं काढलं की मानसं थांबत नायत."

"मावशी, हा पाला कसला आहे ठाऊक आहे तुम्हाला?"

"गांजाय की." कडूबाईंनी त्यांच्याकडं नवलानं बघितलं. "म्हातारीला नाक नाय व्हय? सासऱ्याची चिलीम भरू-भरू पिवळी झालती ही बोटं. गांजाय म्हनून काय झालं, वाळवायला नगं?"

वाळवण म्हणजे ऊन, हे ज्या बाईनं जन्मभर केलं, तिला ओल मुद्दाम ठेवलेली आहे हे कोण सांगणार? बद्रीनाथनीच सांगायला हवं होतं. पण ते गुडघ्याचं खोटं सांगण्यात गुंतले होते.

कडूबाई लुगड्याच्या कडेनं हात फिरवत, सांडलेलं आत ओढत बोलत होत्या. "सकाळी येते, पसरते, ऊन उतरलं की गोळा करते. भाकर हितंच खाते. काल सून म्हनली, आत्या, जिन्यात दिसत नाय तुम्ही. म्हनलं, काम हाय मला." हे सांगताना त्यांचा आवाज जरा ताठ झाला. मग परत खाली आला. "ती तिसरी राहिली. लुगड्यावर मावंना समदी. झाकन मात्र रोज काढत्येय तू सांगितल्यावानी. उद्या टाकावी म्हनते तिला. टाकू का, का तू आलास तर आता तुझं तू बघनार?"

बद्रीनाथ उठले आणि घरात गेले.

मागच्या खोलीत तिसरी बरणी होती तिथंच होती. त्यांनी झाकण काढलं आणि नाक लावलं. कडबा नव्हता. लिंबाची साल होती, मिरी होती, आणि त्यांच्या खाली पाऊस पडून गेल्यावर देवराईत येतो तसा गार, गोडसर वास. आला होता. साहेबराव ज्याच्यासाठी जन्मभर ठसके खात राहिला तो हाच, यात त्यांना शंका वाटली नाही. आपण केलेली गोष्ट नीट झाली होती. ते बरणी घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. सांगावं असं कुणी नव्हतं. रिकाम्या दोऱ्या, रिकामे डबे. झाकण लावून ठेवलं तर ती अशीच राहील, वर्षभर, दोन वर्षं, अंधारात, जपून. आणि खाली पायरीवर कडूबाई परत येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं हात करतील, आणि आपण "हो, जेवलो," म्हणत वर येऊ.

बाहेरून काठी आपटल्याचा आवाज आला. पारवे फडफडले.

बद्रीनाथ बरणी घेऊन गच्चीवर गेले, लुगड्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ती उपडी केली. तुरे ढिगानं पडले, हिरवे, चिकट, आणि वास क्षणभर सगळ्या गच्चीवर पसरला.

"आरं, ढीग करून वाळत आस्तंय व्हय?" कडूबाईंनी छत्री त्यांच्या हातात दिली आणि तळव्यानं ढीग पसरायला लागल्या. एकेक तुरा सुटा करत, उन्हाकडं तोंड करून ठेवत. बद्रीनाथ बघत राहिले. वाईट वाटत होतं असं काही म्हणता येत नव्हतं.

"याला किती उन्हं लागतील, मावशी?"

कडूबाईंनी एक तुरा अंगठ्याखाली दाबून बघितला. "दोन. लई झाली तर तीन."

"नाही व्हायचं एवढ्यात. हे फार सावकाश वाळतं. महिना तरी लागेल."

"महिना? उन्हात?"

"हो. आणि रोज कुणीतरी जवळ बसायला लागतं."

आयुष्यभर पापड, सांडगे, मिरच्या वाळवलेल्या त्या बाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिनं त्यांच्या हातातली छत्री कलती करून त्यांच्या बाजूला थोडी सावली राहील असं केलं आणि काठी मांडीवर घेतली.

"बरं," ती म्हणाली. "महिना तर महिना."